पुतळाबाईंनी न उतरवलेली गाठ

निर्मळच्या तळ्यावरून समुद्राकडे निघालं की डाव्या हाताला केळीची एक वाडी लागते, तिच्यात पुतळाबाईंचं घर. पत्ता शोधावा लागत नाही. 'अवधाण उतरवणाऱ्या बाई' एवढं म्हटलं की सायकलच्या कॅरिअरला दुधी बांधून निघालेला माणूससुद्धा एक पाय टेकून वाट दाखवतो.

अवधाण ज्याला आलं त्यालाच कळतं. पायाला काटा लागतो, नाहीतर पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. आपण म्हणतो जाईल, आणि दोन दिवसांनी जांघेत लिंबाएवढी गाठ उठते. ताप भरतो, पाय टेकवत नाही. वाडीत आणि खाडीकाठी राबणाऱ्याला हे दुखणं नेहमीचं. पुतळाबाई त्यावर करतात ते असं: केळीच्या खांबाचं ताजं सोपट, म्हणजे वरची जाड साल, सोलून घ्यायची. तिच्यावर रोग्याचं पाऊल ठेवायचं. देवाचं नाव घेत लिंबाच्या काट्याने पावलाभोवती रेघ ओढायची आणि ते सोपट पडवीच्या वाशाला टांगायचं. जसं सोपट वाळेल तसं अवधाण उतरेल. तोवर रोग्याने पाय उशीवर घेऊन पडून राहायचं.

ही विद्या त्यांना सासूकडून आली. हाताला गुण आहे असं लोक म्हणतात. पुतळाबाईंना विचारलं तर म्हणतील, "गुन देवाचा. मी नुसता हात देते." पण म्हणताना पदर अशा काही ठसक्यात खोचतील की ऐकणाऱ्याला कळावं, या बाईला आपल्या हाताची पुरती ओळख आहे.

"गावाची डाक्टरीन," त्यांचे यजमान नथू पडवीतल्या खाटेवरून म्हणतात. "घरात मला सर्दी झाली तर आल्याचं पानी पन मिळत नाय."

"तुमची सर्दी खाटेवरून उठलात की जाते," पुतळाबाईंचं उत्तर तयार असतं.

हा ठसका त्यांच्यात पहिल्यापासून होताच, पण त्याला खरी समज आली ती वीस वर्षांपूर्वी. त्याला कारण त्यांचा चुलत दीर आत्माराम. वाडीतलं पाणी सोडायचं काम त्याच्याकडे. बावखल म्हणजे आमच्याकडची वाडीतली तळी. तिच्यावरची मोटर चालवायची आणि पाटापाटातून, चिखलात अनवाणी उभं राहून, वाफे भरायचे. आत्मारामला दर दोन-तीन महिन्यांनी अवधाण यायचं. पुतळाबाई उतरवायच्या. ते उतरायचं. अकरा वेळा असं झालं, आणि अकराही वेळा आत्मारामने त्यांच्या पायांना हात लावून नमस्कार केला.

त्या वर्षी हत्तीरोगाच्या पाहणीसाठी प्रिस्का नावाची नर्स गावात घरोघर फिरत होती. जवळच्याच ख्रिस्ती घरातली, अंगाने किरकोळ, तोंडाने तिखट. तिने पडवीत पाऊल टाकलं आणि मान वर केली.

"हे काय, चपलांचं दुकान काढलंय?"

"अवधानाची सोपटं आहेत ती."

"आणि हे एकच पाऊल तीनदा टांगलंय?"

"आत्मारामचं. त्याला सारखं येतं. पन माझ्या हाताने उतरतं."

"उतरणारच," प्रिस्का म्हणाली. "बहुतेक वेळा ते आठवड्याभरात आपलं आपणच उतरतं, बाई. सोपट टांगा नाहीतर माझी छत्री टांगा."

पुतळाबाईंना राग आला. इतका, की त्यांनी पुढे केलेला चहाचा कप पुन्हा मागे घेतला. प्रिस्काने तो त्यांच्या हातातून काढून घेतला, घोट घेतला, आणि म्हणाली, "त्याला बोलवा. दोन्ही पाय जवळजवळ ठेवून तुम्ही कधी बघितलेत का त्याचे?"

बघितले नव्हते. आत्माराम आला, पाटावर बसला, दोन्ही पाय जुळवले. उजव्या पायाचा घोटा घोट्यासारखा होता. डाव्याला घोटाच नव्हता; पोटरी सरळ पावलात उतरली होती, केळीच्या खांबासारखी. दर अवधाणाला पाय थोडा सुजायचा आणि अवधाण उतरताना थोडीशी सूज मागे ठेवून जायचं. पुतळाबाईंनी अकरा वेळा त्याच्या पावलाची रेघ ओढली होती, पण ती रेघ दर खेपेला रुंद होत गेली हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्या दुपारी प्रिस्काने त्यांना बावखलीच्या काठावर बसवून सगळं सांगितलं. अंगात रक्ताच्या वाहिन्या असतात तशा दुसऱ्याही बारीक वाहिन्या असतात. त्यांतून पाण्यासारखा पातळ रस वाहतो. त्याला लिंफ म्हणायचं, मराठीत लसिका. रक्तातून पाझरलेलं हे पाणी गोळा करून परत रक्तात सोडायचं, हे त्या वाहिन्यांचं काम. वाटेत जागोजाग, जांघेत, काखेत, गळ्यात, गाठी असतात: लिंफ नोड, लसिका ग्रंथी. तुमच्या पाटाच्या तोंडाशी जाळी लावता ना, केरकचरा अडायला, तशा. पायातल्या जखमेतून जंतू शिरला की जांघेतली जाळी त्याला अडवते, झुंजते, सुजते. तेच तुमचं अवधाण. आम्ही त्याला लिंफॅडेनायटिस म्हणतो. वाहिनीच सुजली, पायावर लाल रेघ उठली, तर लिंफॅन्जायटिस. आणि डासाच्या चाव्यातून आलेले फायलेरियाचे जंत वाहिन्यांत घर करून बसले की पाट कायमचा तुंबतो, पाणी वाफ्यातच साचतं, पाय जाडतो. तो लिंफेडेमा. लोक हत्तीपाय म्हणतात.

"आन् बरा कसा करायचा?"

"गेलेला घोटा परत येत नाही. पण आहे तो पाय राखता येतो. रोज साबणाने धुवायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसायच्या, जखम जपायची, पायात चप्पल घालायची, बसताना पाय वर ठेवायचा. आणि गोळ्या वाटायला माणसं येतात, तेव्हा उंबऱ्यातच गिळायच्या, फडताळात ठेवायच्या नाहीत."

जाता जाता तिने आणखी दोन नावं सांगितली. गळ्याला ओळीने गाठी आल्या तर गंडमाळ असू शकते, ती क्षयाची. "आणि एक लिंफोमा. त्यात गाठीच्या आतच वाईट पेशी वाढतात. जखम नाही, दुखणं नाही, आणि गाठ मात्र आहे, अशी दिसली तर हात लावून बसू नका, माणसाला पाठवा."

पुतळाबाई शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या. पण स्तोत्रं त्यांना ऐकून पाठ होतात, तशी ही नावंही झाली. संध्याकाळी देवापुढे दिवा लावला, हात जोडले, की शेवटी ती नावं एकदा जिभेवरून फिरवायची हा त्यांचा नेम झाला. देवापुढे रोगाची नावं कशाला, असं नथूंनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "ज्याने अंग घडवलं त्याच्यापुढेच म्हनते. दुसऱ्या कोनापुढे म्हनू?"

सोपटं मात्र बंद केली नाहीत. प्रिस्का पुन्हा आली तेव्हा वाशाकडे बघून तिने कपाळाला हात लावला. पुतळाबाईंनी तिला समजावलं, "गोळी घेऊन कोनी पाय वर करून बसत नाय. दुसऱ्या दिवशी वाडीत उतरतात. सोपटासाठी पाच दिवस हलत नाहीत." पण पुतळाबाईंनी आपल्यापुरता नियम घालून घेतला: आधी पाय धुवायचा, मग जखम शोधायची. जखम सापडली तर सोपट, आणि सोबत दवाखान्याची गोळी. जखम सापडली नाही, तर ते अवधाण नव्हे आणि ते आपलं कामही नव्हे.

यंदाच्या अधिक श्रावणात या नियमावर पाणी सोडायची वेळ आली. नियम धरून ठेवला म्हणून आज ही गोष्ट सांगता येते.

धाकट्या मुलीचं, निधीचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. जावई कौस्तुभ, विरार पूर्वेला फुलपाड्यात राहणारा, मुंबईत नोकरी करणारा, शिकलेला, बोलायला मऊ. वडील सुधाकर वारलेले, घरात आई मनोरमाबाई. तीन वर्षांनी येणारा अधिक महिना, जावयाचं पहिलंच धोंड्याचं जेवण. पुतळाबाईंनी तेहतीस अनारसे तळले, पुरणाचे धोंडे उकडले, आणि दारात परात ठेवून जावयाचे पाय धुवायला बसल्या.

"आई, राहू द्या ना, मला कसंतरी होतं," कौस्तुभ म्हणाला.

"कसंतरी होऊ द्या. देवाचा मान आहे, तुमचा नाय."

नथू खाटेवरून म्हणाले, "गेल्या अधिकात माझे कोनी धुतले नाहीत."

"तुमच्या सासूला बोलवून घ्या," पुतळाबाई म्हणाल्या, आणि सगळे हसले, कारण ती सासू जाऊन तीस वर्षं झाली होती.

पाय धुताना मात्र त्यांची नजर सवयीने बेचक्यांत गेली. बुटामोज्यातले पाय, गोरे, कुठे ओरखडाही नाही. फक्त नडग्या फार वर आल्या होत्या. पोराने पट्ट्याला नवं भोक पाडून घेतलेलं होतं. जेवताना अनारसे दोनच्या वर गेले नाहीत.

जेवणं झाली, पानं उचलली, आणि मनोरमाबाई त्यांना घेऊन मागच्या पडवीत आल्या. कौस्तुभ आणि निधी मागोमाग.

"विहीणबाई, एक काम होतं," मनोरमाबाई म्हणाल्या. "याला अवधाण आलंय. तेवढं उतरवून द्या."

पुतळाबाई हसल्या नाहीत. "कधीपासून?"

"झाले दोन महिने," कौस्तुभ म्हणाला. "काही त्रास नाहीये पण. दुखत नाही, काही नाही."

"दोन महिने? आन् मला आज?" हे त्यांनी निधीकडे बघून विचारलं. निधी हळूच म्हणाली, "डॉक्टरांकडे गेलो होतो आई, विरारला. त्यांनी लिंफ नोड बायोप्सी लिहून दिलीये. तीन आठवडे झाले."

"सुई लावायची नाही," मनोरमाबाई ठामपणे म्हणाल्या. "ह्यांच्या गळ्यातल्या गाठीला सुई लावली आणि ती खवळली. चार महिन्यांत सगळीकडे पसरली. माणूस हातचा गेला. माझ्या मुलाच्या गाठीला मी सुई लावू देणार नाही. तुमच्या हाताला गुण आहे, अख्खा तालुका सांगतो. सोपट टांगा. ते वाळेपर्यंत बघू."

जावयाच्या जांघेला सासूने हात लावायचा प्रश्नच नव्हता. पुरुष रोगी असला की त्या त्यालाच दाबून बघायला सांगत. कौस्तुभने आत जाऊन चाचपलं आणि येऊन सांगितलं: लिंबाएवढी, घट्ट, पण खोडरबरासारखी, बोटाखाली सरकते, दाबली तरी दुखत नाही.

"ताप?"

"संध्याकाळी थोडी कणकण असते."

"घाम?"

उत्तर निधीने दिलं. "झोपेत इतका येतो की चादर बदलावी लागते."

"इथे या, उजेडात बसा. शर्टाचं वरचं बटन काढा."

गळ्याला हात लावायला काही आडवं येत नव्हतं. पुतळाबाईंनी बोटं साडीला पुसली आणि त्याच्या मानेवरून, जबड्याखालून, हळूहळू गळ्याच्या हाडापर्यंत नेली. डाव्या हाडाच्या वरच्या खळग्यात बोटं थांबली. तिथे तीन गाठी होत्या, पावट्याच्या दाण्यांसारख्या, एकीला एक लागून. जावयाचा चेहरा त्यांच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होता, आणि तो त्यांच्या डोळ्यांत काय दिसतंय ते शोधत होता.

"ह्या कधी आल्या?"

"कुठल्या?" कौस्तुभ म्हणाला.

त्यांनी त्याचा हात धरून त्याची बोटं तिथे ठेवली.

मग त्या उठल्या आणि मनोरमाबाईंसमोर उभ्या राहिल्या. "विहीनबाई, हे अवधान नाय. पायाला जखम नाय, गाठीला दुख नाय. माझं काम नाय हे. डाक्टरने लिहिलंय ते आठवड्याच्या आत करा."

"तुम्ही गावाचं उतरवता आणि जावयाचं नाही?"

"जावयाचं म्हनूनच नाय."

"आई," कौस्तुभ मध्ये पडला, "तुम्ही टांगा ना ते. मी जाईन डॉक्टरांकडे, नंतर. पण ते टांगलं तर मला जरा बरं वाटेल."

इथेच त्यांचा नियम डळमळला. मुलीचा चेहरा समोर, जावई मागतोय, आणि मागतोय तरी काय, केळीची एक साल. वाडीत दोनशे खांब उभे होते. टांगून दिलं असतं तर सगळे हसत घरी गेले असते. पण श्रावणातलं सोपट वाळायला वीस-वीस दिवस लागतात, कधी वाळतच नाही, बुरशी धरतं. आणि आपलं सोपट टांगलेलं असताना माणूस हलत नाही, ही गोष्ट त्यांनीच प्रिस्काला सांगितली होती.

"नाय टांगनार," त्या म्हणाल्या.

मनोरमाबाईंनी वाणाचं ताट तिथेच ठेवलं. "विरारमध्ये दुसरं कोणी करणारं मिळेल आम्हाला," म्हणाल्या, आणि मुलाला घेऊन गेल्या. निधी फाटकाशी एकदा वळली आणि त्यांच्यामागे गेली.

दोन दिवस फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी निधीचा आला: सासूबाईंनी कोणीतरी लेप देणारा शोधलाय, रविवारी जायचंय, कौस्तुभ हो म्हणालाय. पुतळाबाईंनी फोन ठेवला आणि प्रिस्काला लावला. ती निवृत्त होऊन घरी होती, गुडघ्याने बेजार.

"लेप अजिबात नको," प्रिस्का म्हणाली. "पण तुम्ही सांगून त्या ऐकणार नाहीत. तुमचा त्यांना राग आलाय."

"राग आलेला नाय. माझ्या हातावर विश्वास बसलाय. तो आधी उतरवायला हवा," पुतळाबाई म्हणाल्या, आणि आत्मारामच्या वाडीत गेल्या.

आत्माराम पाय धुवून, पुसून, पाटावर वर करून बसला होता, जसा तो वीस वर्षं बसतो. पाय तेवढाच होता. वाढलेला नव्हता, कमी झालेला नव्हता.

"चल, फुलपाड्याला जायचंय."

"मी कशाला वहिनी? जावयाच्या घरी असा पाय घेऊन येऊ?"

"पायच न्यायचाय. तू सोबत ये."

आत्माराम धुतलेला लेंगा घालायला आत गेला.

रिक्षा इमारतीसमोर थांबली. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पुतळाबाई दर वळणावर थांबल्या, आणि आत्माराम दर वळणावर म्हणाला, "थांबू नका, मी काय म्हातारा आहे का." दार मनोरमाबाईंनी उघडलं. आधी पुतळाबाईंचं तोंड दिसलं, मग मागे उभ्या आत्मारामचा पाय दिसला, आणि त्या दारातून बाजूला झाल्या.

पाणी आलं. शनिवार होता; कौस्तुभ घरी होता. तो सोफ्याच्या कडेवर बसला, निधी स्वयंपाकघराच्या दारात उभी.

"हा माझा दीर," पुतळाबाई म्हणाल्या. "आत्माराम, सांग यांना, तुझं अवधान किती वेळा उतरवलं मी?"

"अकरा वेळा."

"किती वेळा उतरलं?"

"अकराही वेळा," आत्माराम प्रामाणिकपणे म्हणाला. "वहिनीच्या हाताला गुन आहे."

"पाय दाखव."

त्याने लेंगा वर केला.

"हा माझा गुन," पुतळाबाई म्हणाल्या. "मी उतरवत गेले, हा घरी बसत गेला. पहिल्या-दुसऱ्या खेपेलाच दवाखाना गाठला असता, तर आज बुटात मावला असता हा पाय. याने मला कधी बोल लावला नाय, रोज हाक मारून जातो. बोल लावला असता तर बरं वाटलं असतं. विहीनबाई, तुम्ही ज्या हातावर भरवसा ठेवून आलात, तो हात हा आहे. पायाच्या बाबतीत चुकला, तर पाय जाड होऊन भागलं. तुमच्या मुलाच्या बाबतीत मी चुकनार नाय."

मनोरमाबाई म्हणाल्या, "सुईने पसरतं हो. मी डोळ्यांनी बघितलंय."

यावर आत्मारामने विचारलं, काही मनात न धरता, जसं माणूस दुखण्याची चौकशी करतो तसं: "सुधाकरदादांची गाठ आली कधी, आन् सुई लावली कधी?"

"गाठ गणपतीत दिसली. सुई..." मनोरमाबाई थांबल्या. "सुई वटपौर्णिमेनंतर. मधे काढा चालू होता. नऊ महिने." आणि मग, फार हळू, "काढा मीच आणला होता. ते नको म्हणत होते."

पुतळाबाई उठून त्यांच्याशेजारी बसल्या. पाठीवर हात ठेवला नाही, काही नाही. नुसत्या मांडीला मांडी लावून बसल्या. "तेव्हा तुम्हाला कोनी सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "मलाही आत्मारामच्या अकराव्या खेपेला कळलं. सुई लावून पसरत नाय, विहीनबाई. सुई लावेस्तोवर पसरलेलं असतं. आता तुम्हाला माहीत आहे. आता नऊ महिने नकोत."

कौस्तुभ उठला. खणातून तो तीन आठवड्यांचा कागद काढला. "आई," तो मनोरमाबाईंना म्हणाला, "उद्याचं कॅन्सल कर. सोमवारी मी जातोय. तू येणार असशील तर ये, नाहीतर निधी येईल."

"मी येणार," मनोरमाबाई म्हणाल्या. डोळे पुसले, आणि आत्मारामला म्हणाल्या, "भाऊजी, पाय वर घेऊन बसा, खाली सोडू नका. मी चहा टाकते."

सोमवारी सर्जनने गाठीला सुई लावलीच नाही. गळ्यातली एक अख्खी गाठ जागा बधिर करून काढली आणि तपासायला पाठवली. लिंफोमाची जात ओळखायला तीच पद्धत बरी, असं म्हणाला. जुना कागद बघून त्याने विचारलं, "यावर फक्त जांघेतली गाठ लिहिलीये. गळ्यातल्या कोणी शोधल्या?"

"सासूबाईंनी."

"त्या कुठल्या हॉस्पिटलला असतात?"

"निर्मळला, केळीच्या वाडीत," कौस्तुभ म्हणाला. गेल्या दोन महिन्यांत तो पहिल्यांदा हसला.

दहाव्या दिवशी रिपोर्ट आला: हॉजकिन लिंफोमा. सगळ्या अंगाचं स्कॅन झालं. गळा आणि जांघ, दोन्हीकडे असल्यामुळे तिसरा टप्पा. मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी न लपवता सांगितलं, की हा आजार लहान नाही, पण लिंफोमाच्या जातींत ही जात औषधाला चांगली दबते. केमोथेरपीची सहा चक्रं, दर पंधरा दिवसांनी औषध. केस गेले. चव गेली. निधीने भाताची पेज, मऊ फोडणीची खिचडी, ताजं शिजवलेलं तेवढंच, असं सगळं सांभाळलं. मनोरमाबाईंनी दारात हात धुवायला साबण ठेवला आणि नातेवाइकांना फोनवरच भेटायला शिकवलं. पुतळाबाईंनी प्रत्येक चक्राच्या दिवशी उपास धरला आणि देवापुढच्या त्यांच्या नावांच्या माळेत कौस्तुभच्या औषधांची चार नावं वाढली. ती निधीने फोनवरून तीनदा सांगून पाठ करून घेतली.

निर्मळमध्ये याची दुसरीच गोष्ट झाली. पुतळाबाईंना स्वतःच्या जावयाचं अवधाण उतरवता आलं नाही, हाताचा गुण गेला, असं बायका तळ्यावर बोलू लागल्या. पावसाच्या उरलेल्या दिवसांत चारच माणसं आली. नथूंनी ते बोलून दाखवलं.

"चार आली, चौघांना जखम सापडली, चौघं बरी झाली," पुतळाबाई म्हणाल्या. "जे आले नाहीत ते दवाखान्यात गेले असतील तर त्याहून बरं."

दोन चक्रांनंतरच्या स्कॅनमध्ये गाठी निवलेल्या दिसल्या. डॉक्टरीणबाईंनी बजावलं की उरलेली चार चक्रं एकही न चुकवता पुरी करायची, मधे थांबायचं नाही. कौस्तुभने तिथूनच फोन केला. पुतळाबाईंनी सगळं ऐकून घेतलं, "चार राहिली ना, ती करा," म्हणाल्या, आणि फोन ठेवल्यावर देवघरात जाऊन बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. नथूंनी पहिल्यांदाच स्वतःचा चहा स्वतः केला.

दिवाळीनंतर एका सकाळी मनोरमाबाईंचा फोन आला. त्यांच्या मजल्यावर राहणाऱ्या हंसाबेनना काखेत गाठ आली होती, दीड महिना झाला होता, आणि त्या कोणाला दाखवायला तयार नव्हत्या.

"लेप लावून बसलीये," मनोरमाबाई म्हणाल्या. "मी काल तासभर भांडले तिच्याशी. शेवटी हो म्हणाली. उद्या दहा वाजता घेऊन जातेय. म्हटलं विचारावं, तुम्ही येता का सोबत?"

पुतळाबाईंच्या समोर पाटावर एक मुलगा बसला होता, पाय परातीत, बेचक्यात चिखली. त्यांनी फोन खांद्याशी धरून त्याच्या पायावर पाणी ओतलं.

"मी कशाला," त्या म्हणाल्या. "तुम्ही पुरे आहात."